भुवया गेल्या त्या आठवड्यात

नयना पार्लरवाली भागवत सप्ताहाला हरिद्वारला गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. एकीने देवाच्या दारी जावं आणि त्याचं फळ दुसरीला मिळावं, असं होतं कधी कधी. गेली अकरा वर्षं दर तीन आठवड्यांनी मी तिच्यापुढे जाऊन बसते, ती दोरा दातात धरते, मी डोळे मिटते, आणि दहा मिनिटांत मी पुन्हा जबाबदार बाईसारखी दिसायला लागते. दिसावंच लागतं. भावनगरच्या मामलेदार कचेरीत, जनसेवा केंद्राच्या चार नंबरच्या खिडकीत मी बसते. खिडकीतून लोकांना आपला फक्त चेहरा दिसतो. साडी कितीही चांगली नेसा, ती टेबलाखाली जाते.

त्यातून रविवारी जामनगरहून हेलीच्या सासरची माणसं लग्नाचं सगळं पक्कं करायला येणार होती. हेली माझी मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे अडकलेले खांदे आणि गुडघे हलते करते. मुलगा ध्रुमिल चांगला, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. पण त्याच्या आईचं, म्हणजे प्रफुल्लाबेनचं, म्हणणं असं कानावर आलं होतं की लग्नानंतर सुनेने बाहेर काम करायचं नाही. ध्रुमिल आईपुढे बोलत नाही, आणि हेली मला म्हणाली होती, "मम्मी, हे तू बोल. मी बोलले तर आत्तापासूनच आगाऊ ठरेन." मी बरं म्हटलं होतं. निदान बोलताना चेहरा तरी नीटनेटका असावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

मंगळवारी संध्याकाळी मी आरसा, चिमटा आणि हेलीची छोटी कात्री घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसले. वाढलेले चार केस काढायचे, संपलं. चार केस निघाले. मग लक्षात आलं की डावी भुवई उजवीपेक्षा किंचित बारीक झाली. म्हणून उजवीचे सहा काढले. मग उजवी बारीक वाटली. जिना वर चढून मी आत्ताच आले होते की खाली उतरून, हे विसरल्यासारखं झालं. अर्ध्या तासाने आरशात पाहिलं तेव्हा डाव्या डोळ्यावर अर्धी भुवई होती आणि उजव्यावर भुवईची नुसती खूण.

त्याच वेळी शेजारच्या लाभुबेन कोथिंबीर मागायला आल्या. आमच्या इमारतीत लाभुबेनना न येणारी एकही गोष्ट नाही, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला.

"मृदुलाबेन, हे चिमट्याचं काम नाही. कडा स्वच्छ व्हायला पाहिजेत. साखर आहे ना घरात?"

"साखर कशाला?"

"साखर आणि लिंबू. पाक करायचा, लावायचा, कापडाने ओढायचा. माझी मावसबहीण घरीच करते. काही होत नाही."

काही होत नाही असं ज्याला म्हणतात, ते नेमकं माझ्याच घरी होतं, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. पण लाभुबेनचा मोहनथाळ सबंध इमारतीत नावाजलेला आहे. पाकाची तार त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही. त्यांनी माझ्या गॅसवर, माझ्या पातेल्यात दोन तारी पाक केला, फुंकर मारून निववला, आणि चमच्याच्या मागच्या बाजूने माझ्या कपाळावर लावला. वर सुती कापडाची पट्टी दाबली. मी विचारलं, "कडेलाच लावलात ना?" त्या म्हणाल्या, "हलू नका," आणि ओढलं.

त्या गप्प झाल्या. लाभुबेन गप्प झाल्या की समजावं. मी डोळे उघडून पट्टीकडे पाहिलं. माझी डावी भुवई, उरली होती तेवढी, तिच्यावर आडवी पडली होती. सबंध, एकही केस मागे न ठेवता, पाकात बुडालेली.

मी आरशात पाहिलं आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. आजवर मला धक्का बसला की भुवया वर जायच्या, तेवढ्यानेच अर्धा धक्का निघून जायचा. आता धक्का बसला होता आणि तो चेहऱ्यावर कुठूनच बाहेर पडत नव्हता. आतच कोंडला गेला.

लाभुबेनना मात्र लवकर सुचलं. "एक असण्यापेक्षा दोन्ही नसलेल्या बऱ्या," त्या म्हणाल्या. "एक असली तर लोक विचारतील दुसरी कुठे गेली. दोन्ही नसल्या तर वाटेल, असंच असेल." आणि पाक अजून कोमट होता.

आमचे हे, म्हणजे कीर्तिकांत, रात्री जेवायला बसले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षं ते माझ्या भुवया बघून घरातलं हवामान ओळखत आलेत. त्या दिवशी त्यांना काहीच कळेना. डाळीत मीठ पडलं नव्हतं, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतली. शेवटी हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

हेलीला मात्र दारातूनच दिसलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मम्मी, रविवारी ती माणसं येतायत." मला ते माहीत होतं.

बुधवारी मी तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटरवर कचेरीत गेले. इथे सगळ्याच बायका उन्हासाठी तशा गुंडाळतात, त्यामुळे दारापर्यंत अब्रू शाबूत राहिली. पण दाराशी हजेरीचं मशीन आहे. त्याला चेहरा दाखवल्याशिवाय हजेरी लागत नाही. मी ओढणी काढून पुढे उभी राहिले. मशीन म्हणालं, "चेहरा ओळखला गेला नाही. पुन्हा प्रयत्न करा." मी पुन्हा प्रयत्न केला. हसून केला, गंभीर होऊन केला, चष्मा लावून आणि काढून केला. पाचव्यांदा त्यावर अक्षरं आली, "अनोळखी व्यक्ती." मागे रांगेत रेकॉर्ड रूममधली माणसं उभी होती.

मशीन सांभाळणारे चावडाभाई पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे आणि मग मशीनकडे पाहिलं. "बेन, हे डोळे आणि भुवया यांच्यातलं अंतर मोजतं. त्याला दुसरं टोक सापडत नाहीये. साहेबांकडून लिहून आणा."

डाभीसाहेबांनी मला बसायला सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत, पण नियमाबाहेर शिंकतही नाहीत.

"मृदुलाबेन, मी तुम्हाला एकोणीस वर्षं ओळखतो. तुम्ही तुम्हीच आहात, हे मी आत्ता लिहून देतो. पण हा चेहरा तुमचा आहे, हे मी कसं लिहून देऊ?"

"साहेब, दुसऱ्या कोणाचा असणार?"

"तो प्रश्न वेगळा. चेहरा बदलल्याचा नमुना भरावा लागेल. कारणं तीन आहेत. अपघात, आजार, शस्त्रक्रिया."

"चौथं?"

"इतर. पण 'इतर'ला पुरावा जोडावा लागतो."

पुरावा सकाळीच घंटागाडीत गेला होता. ते मी सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बदल कायमचा की तात्पुरता?"

"तात्पुरता. येतील दोन-तीन महिन्यांत."

"मग आल्यावर पुन्हा चेहरा बदलल्याचा अर्ज द्यावा लागेल. तोपर्यंत रोज वहीत सही करा आणि खाली माझी सही घ्या."

मी नमुना भरला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना. शेवटी लिहिलं, "इतर (घरगुती)." एकोणीस वर्षांत मी लोकांच्या किती अर्जांवर 'कारण असमाधानकारक' असा शेरा मारला असेल, याचा हिशेब त्या दिवशी प्रथमच मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला.

अकरा वाजता खिडकीत जेठाबापा आले. घोघ्याकडच्या एका गावचे, पंचाहत्तरीचे, भाऊ वारला म्हणून वारसाच्या दाखल्यासाठी तिसरी खेप घालणारे. ओळखपत्रावर त्यांचा फोटो पागोटं आणि भरघोस मिशांचा होता, आणि समोर माणूस उभा होता डोकं आणि मिशा उतरवलेला. फोटो जुळत नाही म्हणून मी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. दुसऱ्यांदा तर मी म्हटलं होतं, "बापा, मिशा आल्या की या." नियमाने म्हटलं होतं, पण म्हटलं होतं.

मिशा अजून आल्या नव्हत्या. त्यांनी कागद सरकवला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ते खिडकीच्या जवळ आले, आवाज खाली आणला.

"बेन, तुमच्याकडे कोण गेलं?"

"कोणी नाही, बापा."

"सांगायचं नसेल तर राहू द्या. आमच्यात बायका भुवया देत नाहीत. पण ज्याची त्याची रीत असते."

मी त्यांचा कागद घेतला, फोटोकडे पाहिलं नाही, शिक्का मारला, सही केली. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो." मी म्हटलं, "बरं."

ते बरं म्हणायला नको होतं. जेठाबापा बाहेर शिपायाजवळ हळहळले, शिपाई रेकॉर्ड रूममध्ये हळहळला, आणि रेकॉर्ड रूममधल्या दोघी जणी संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून आमच्या दारात उभ्या राहिल्या. बाईने एवढं केलंय म्हणजे नवराच गेला असणार, असा त्यांनी आपापसात हिशेब केला होता. दार कीर्तिकांतनी उघडलं, अंगात बनियन, हातात गांठियांची वाटी. दोघींपैकी थोरली भिंतीला टेकून खालीच बसली. कीर्तिकांतना वाटलं, कोणा देवस्थानाच्या वर्गणीला आल्यात, म्हणून त्यांनी आत या म्हटलं, पाणी दिलं, आणि कोणत्या देवस्थानाच्या तेही विचारलं. मी मोरीत लपून राहिले होते. तिथून ऐकताना मला हसू यायला हवं होतं, पण नवरा जिवंत आहे याबद्दल मला लोकांची माफी मागावी लागणार, या विचाराने मी सुन्न झाले होते.

पुढचे तीन दिवस उपायांचे. एरंडेल, कांद्याचा रस, बदाम जाळून केलेलं काजळ. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गार्ड रमणीकभाई जिन्यात थांबवून म्हणाले, रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून कपाळाला चिमटे घ्या, रक्त खेळतं. मी घेतले. शनिवारी कपाळ लाल होतं आणि कांद्याचा वास येत होता. भुवया नव्हत्या.

रविवारी हेली मला पेन्सिलने भुवया रेखून देणार होती. पण सकाळी तिच्या केसांची वेणी सुटली, मग ब्लाऊजचा हूक तुटला, आणि त्या गडबडीत लाभुबेन पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसल्या. दिवाळीत इमारतीच्या दारातली रांगोळी त्याच काढतात. हात स्थिर, रेघ सफाईदार, यात वाद नाही. फक्त भुवया देवाने जिथे दिल्या होत्या त्याच्या बोटभर वर आल्या, आणि बाहेरच्या टोकाला जास्तच चढल्या. मी आरशात पाहिलं. आत्ताच कोणीतरी माझ्या पायावर पातेलं टाकलंय, असा चेहरा दिसत होता.

"लाभुबेन, हे उतरवा थोडं."

"वेवाण येतायत, विहीणबाई. मुलीची आई जागी दिसली पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि खाली गाडीचं दार वाजलं.

जामनगरकर चौघे होते. प्रफुल्लाबेन गुडघ्यावर हात ठेवत, दोन जिने थांबत थांबत चढून आल्या आणि झोपाळ्यावर बसल्या. त्यांचे यजमान मनहरभाई, पितळेच्या सुट्या भागांचा कारखाना असलेले, बोलण्यात कमी. ध्रुमिल, आणि त्याचे एक काका, जे जाईपर्यंत खात होते. मी स्वयंपाकघरातून गरम डाळवडे आणत होते. भाद्रपदातला उकाडा, त्यात तळणं. हेलीने कानात सांगितलं होतं, "काही झालं तरी कपाळाला हात लावू नकोस."

प्रफुल्लाबेननी बोलायला सुरुवात केली. "आमच्याकडून जान तीनशे माणसांची येईल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. वऱ्हाड मोठं असणार हे मी धरूनच चालले होते. पण प्रफुल्लाबेन माझ्या चेहऱ्याकडे बघून अडखळल्या.

"म्हणजे, अगदी तीनशे नाही. अडीचशे म्हणा."

मी डाळवड्यांची ताटली पुढे केली.

"बरं बाई, दोनशे," त्या म्हणाल्या. "जामनगरहून इतक्या लांब येणारे तरी किती असतात."

कीर्तिकांतनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाजारातून आयुष्यात पहिल्यांदा भाव पाडून भाजी आणली होती. पुढे असंच होत गेलं. दोन दिवसांचं जेवण एका दिवसावर आलं. बँड स्वतःच आणतो म्हणाले. मी एक शब्दही बोलले नव्हते. मला आतून खरं तर भीती वाटत होती, कारण जे बोलायचं कबूल केलं होतं ते अजून पोटातच होतं, आणि मनात एक वाईट विचार आला होता, की कदाचित बोलावं लागणारच नाही.

मग प्रफुल्लाबेन म्हणाल्या, "एक गोष्ट. आमच्यात सुना बाहेर काम करत नाहीत. लग्नानंतर हेलीने ते दवाखान्याचं सोडायचं."

हेली माझ्याकडे बघत होती. ध्रुमिल जमिनीकडे. मी प्रफुल्लाबेनकडे.

"आता इतकं धक्का बसल्यासारखं काय आहे त्यात," प्रफुल्लाबेन म्हणाल्या. थोडं थांबून, "म्हणजे अगदीच नाही असं नाही. घरच्या घरी, ओळखीतलं कोणी आलं तर..."

त्या पुढेही आल्या असत्या. पण मघापासून केसांतून निघालेला घाम कपाळावर उतरला, डोळ्यात गेला, आणि माझा हात पदरासकट आपोआप वर गेला. खाली आला तेव्हा पदरावर काळा पट्टा होता.

झोपाळा थांबला. काकांचा घास हातात राहिला. हेलीने डोळे मिटले. आता लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी पदराने दुसरीही पुसली. लाभुबेनचं तत्त्व होतंच.

"हे काय आहे?" प्रफुल्लाबेननी विचारलं.

मी सांगितलं. चिमटा, पाक, मशीन, सगळं. जेठाबापांचंही सांगितलं. कोणी हसलं नाही. प्रफुल्लाबेन माझं बोलणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मला अपेक्षित नव्हता.

"म्हणजे मघापासून तुम्हाला धक्का बसलाच नव्हता?"

बसला होता म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दोनशे माणसं, एक जेवण. कीर्तिकांत माझ्याकडे डोळ्यांनी विनवत होते. मला कपाळावर वारा लागत होता, आणि तो उघडेपणा फार विचित्र होता. कुठे लपायला जागाच नव्हती, मग लपायचं तरी कशाला, असं काहीसं वाटलं.

"तीनशेचा नव्हता बसला," मी म्हटलं. "तीनशे मी धरलेच होते. जेवणाचाही नाही. पण कामाचा बसला. आत्ता बसला, असंही नाही, ऐकलं होतं तेव्हापासून बसलाय. हेली पाच वर्षं शिकली. काल एका माणसाने आठ महिन्यांनी स्वतःच्या हाताने घास घेतला, ती घरी येऊन रडली. ती काम करणार, प्रफुल्लाबेन. ओळखीतलं कोणी आलं तर नाही, रोज करणार. हे मी तुम्हाला भुवयांशिवाय सांगतेय. राग आला तर माझा यावा, तिचा नको."

मी हात पदरात गुंडाळले. एकोणीस वर्षांत खिडकीच्या काचेमागून मी पुष्कळ ठामपणे बोलले होते. काच नसताना बोलायची ही पहिलीच वेळ होती.

प्रफुल्लाबेन हेलीकडे वळून म्हणाल्या, "गुडघ्याचं करतेस?"

"गुडघ्याचंच जास्त येतं," हेली म्हणाली.

"जिने चढता येतात पुन्हा?"

"सहा आठवडे नेमाने केलं तर येतात. मध्ये सोडायचं नाही."

प्रफुल्लाबेननी आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. "तीनशेला तुमची हरकत नव्हती, नाही का?"

"नव्हती."

"मग तीनशेच ठेवू." कीर्तिकांतच्या घशातून एक बारीक आवाज आला. प्रफुल्लाबेन तिकडे लक्ष न देता पुढे म्हणाल्या, "आणि तिचा दवाखाना रस्त्याच्या बाजूला हवा. माणसं लंगडत येणार, त्यांना जिने नकोत. आमच्या तळमजल्यावरची मोठी खोली आहे, ती तिला देऊ. तिथे ह्यांचं पितळेचं सामान भरलंय, ते हलवतील दिवाळीच्या आत."

मनहरभाई बशीतला चहा ओठांपाशी नेत होते. ती खोली गेली बावीस वर्षं त्यांचं गोदाम होती, आणि तिच्याबद्दल घरात काही ठरतंय हे त्यांना आमच्या सगळ्यांबरोबरच कळलं. त्यांनी बशी खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया दाट होत्या, पांढऱ्या-काळ्या, आणि त्या सावकाश वर चढत चढत पार केसांपर्यंत गेल्या.